विद्यापीठाचं कलम, विद्यापीठाचं बियाणं – हक्क कोणाचा?

(शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमात इन्सुली व परिसरातील श्रोत्यांसाठी केलेल्या भाषणाचा मजकूर)



या कार्यक्रमात आपण नेहमी काजूवरच्या ढेकण्या मच्छराविषयी बोलतो, भाताच्या करप्याविषयी बोलतो, नारळाच्या खतपाण्याविषयी बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. आज बोलायचं आहे ते शोधाच्या मालकीविषयी. सरकारी पैशातून, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून, एखादा शोध लागतो. मग तो शोध वापरायचा हक्क कोणाला? सगळ्यांना, की ज्याने सरकारशी करार केला त्या एकट्याला?

कोणी म्हणेल, "ह्येचो आमका काय उपेग? ह्या मोठ्या लोकांचा काम." तसं नाही मंडळी. तुमच्या परसातलं काजूचं कलम, कोपऱ्यात लावलेलं भात, दवाखान्यात घेतलेली लस, या सगळ्यांशी या प्रश्नाचा संबंध आहे. तेव्हा पाच मिनिटं अधिक द्या आणि ऐका.

काजूपासून सुरुवात करू

इन्सुलीहून वेंगुर्ले काही लांब नाही. तिथं 1957 साली फळ संशोधन केंद्र सुरू झालं. पुढं 1972 साली दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झालं आणि हे केंद्र विद्यापीठाचं झालं. या केंद्राने काजूच्या एकामागून एक जाती दिल्या. वेंगुर्ला-1 आली 1974 साली. वेंगुर्ला-4 आली 1981 साली. वेंगुर्ला-7 आली 1997 साली.

आता या जाती आल्या कुठून, ते बघा. वेंगुर्ला-1 ही निवड आहे अणसूरच्या झाडाची. वेंगुर्ला-4 हा संकर आहे. त्यात एक बाजू बंगालमधल्या मिदनापूर रेडची आणि दुसरी आपल्या वेतोरे गावच्या झाडाची. अणसूर आणि वेतोरे ही दोन्ही वेंगुर्ले तालुक्यातली गावं. म्हणजे झाडं होती शेतकऱ्याच्या डोंगरावर. त्यातलं चांगलं ओळखलं, त्यांचा संकर केला, वर्षानुवर्षं वजनं केली, ती मेहनत शास्त्रज्ञांची. आणि पगार, जमीन, प्रयोगशाळा यांचा खर्च सरकारचा, म्हणजे लोकांचा.

फायदा काय झाला? वेंगुर्ला-4 ची बी सरासरी 7.7 ग्रॅमची. वेंगुर्ला-7 ची बी सरासरी 10 ग्रॅमची, म्हणजे किलोत शंभरच बिया बसतात. बारीक बी फोडण्याची मजुरी आणि मोठी बी फोडण्याची मजुरी, यातला फरक ज्यांच्या घरी काजू फोडला जातो त्या बायांना विचारा.

पुढं 1990 साली महाराष्ट्र सरकारने रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवड सुरू केली. कोकणात काजूची आणि आंब्याची कलमं डोंगरउतारावर चढली. ओसाड वरकस जमीन हिरवी झाली. हे शक्य झालं, कारण कलम करायला कोणा एकट्याची परवानगी लागत नव्हती. विद्यापीठाने मातृवृक्ष दिले, परवानाधारक रोपवाटिकांनी डोळकाडी घेतली, गावोगाव कलमं बांधली गेली. समजा, वेंगुर्ला-4 चं कलम बांधण्याचा हक्क 1981 साली एकाच कंपनीला दिला असता, तर? कंपनीला झेपेल तेवढीच कलमं झाली असती आणि कंपनी सांगेल तीच किंमत झाली असती. मग लागवडीची योजना सरकारने कितीही चांगली केली असती, तरी खड्डे तयार आणि कलमांचा पत्ता नाही, अशी गत झाली असती.

मक्ता म्हणजे काय

पूर्वी खाडीवर पूल नव्हते तेव्हा तरीने पलीकडे जावं लागे. तरीचा मक्ता दिला जाई. खाडी सगळ्यांची, पाणी सगळ्यांचं, पण होडी चालवण्याचा हक्क मक्तेदाराचा. मक्ता देताना जर भाडं ठरवून दिलं, फेऱ्या ठरवून दिल्या, मुदत ठरवून दिली, तर लोकांची सोय होते. काहीच ठरवलं नाही, तर मक्तेदार मागेल ते द्यायचं, नाहीतर अलीकडेच बसायचं.

शोधाचंही तसंच आहे. सरकारी संस्थेत शोध लागला की संस्था तो वापरण्याचा परवाना देते. तो दोन तऱ्हांनी देता येतो. एक, खुला परवाना: जो कोणी अटी पाळेल त्याला, दहा जणांना, वीस जणांना. दुसरा, एकहाती परवाना: फक्त एकाला, बाकी सगळ्यांना मनाई. काही वेळा तर खुद्द संस्थेलाही मनाई! आजच्या भाषणाचं सार एवढंच आहे, की लोकांच्या पैशातल्या शोधावर एकहाती परवाना देताना तरीच्या मक्त्याएवढ्या तरी अटी हव्यात, आणि त्या अटी लोकांना कळायला हव्यात.

तीन प्रकारचे शोध, तीन तऱ्हेचा धोका

सगळ्या शोधांना एकच माप लावू नका. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्यांचे तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार, जे आपल्या हाताने वाढतं. सरळ वाणाचं भात, नाचणी, काजूचं किंवा आंब्याचं कलम. भाताचं सरळ वाण एकदा आणलं की पुढच्या वर्षी पेंढी बाजूला काढून बियाणं घरीच धरता येतं. इथं परवाना कोणाकडे का असेना, शेतकऱ्याच्या घरातली कणगी हाच त्याच्यावर लगाम असतो. दुकानदाराने दर फार चढवला तर शेजाऱ्याकडून पायलीभर बी मागून आणता येतं.

दुसरा प्रकार, संकरित बियाणं. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने 1998 साली 'सह्याद्री' हे संकरित भात दिलं. पीक जोमदार येतं. पण त्याचा दाणा पुढच्या वर्षी पेरला तर पीक सारखं येत नाही. कोणी उंच, कोणी ठेंगू, कोणी लवकर, कोणी उशिरा. म्हणून बियाणं दर वर्षी विकत घ्यावं लागतं. आता लक्षात घ्या, संकरित बियाणं तयार होतं ते आईबापाच्या दोन वेगळ्या ओळींपासून. त्या दोन ओळी ज्याच्या हाती, त्याच्याच हाती बियाण्याचा पुरवठा. इथं घरची कणगी कामाला येत नाही. तेव्हा सरकारी संस्थेने आईबाप ओळी एकाला दिल्या की पाच जणांना दिल्या, यावर पिशवीची किंमत ठरते. पहिल्या प्रकारात परवाना एकहाती असला तरी थोडं निभावतं. दुसऱ्या प्रकारात निभावत नाही.

तिसरा प्रकार, यंत्र, औषध, लस, खताची नवी रीत. काही वस्तू गावचा सुतार किंवा लोहार करू शकतो. विद्यापीठाचा आंबे काढण्याचा नूतन झेला बघा. काठी, जाळी आणि पातं यांची ती जोडणी. असली वस्तू एकाच कारखान्याकडे देण्यात काही अर्थ नाही. ती बनवायला कोट्यवधीचं भांडवल लागत नाही. पण लस बनवायला मोठा कारखाना लागतो, चाचण्या लागतात, वर्षं लागतात. तिथं कारखानदार म्हणतो, "मी एवढे पैसे घालीन, पण मग दुसऱ्याला देऊ नका." त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. म्हणून एकहाती परवाना सरसकट वाईट, असं मी म्हणणार नाही. तो कशासाठी, किती काळ आणि कोणत्या अटींवर, हे महत्त्वाचं.

विदर्भातल्या कापसाची गोष्ट

आपल्याकडे कापूस नाही. पण विदर्भातल्या आपल्या भावंडांची एक गोष्ट इथं सांगायला हवी, कारण सरकारी शोध कमी पडला की काय होतं ते त्यातून कळतं.

बोंडअळीला दाद न देणारा बीटी कापूस भारतात 2002 साली मंजूर झाला. त्यातलं जनुक अमेरिकेतल्या मोन्सँटो कंपनीचं. बियाणं संकरित, म्हणजे दर वर्षी विकत घेणं आलं. कंपनी जनुकाच्या वापरापोटी बियाणे कंपन्यांकडून रक्कम घेई, आणि ती रक्कम शेवटी पिशवीच्या किमतीत शेतकऱ्याकडूनच वसूल होई.

मग नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचं कृषी विद्यापीठ यांनी मिळून सरकारी बीटी कापूस तयार केला. त्याचं नाव बिकानेरी नरमा. हे सरळ वाण होतं, संकरित नव्हतं. म्हणजे शेतकऱ्याने बियाणं घरी धरावं, शेजाऱ्याला द्यावं. 2008 साली मंजुरी मिळाली, 2009 साली बियाणं शेतकऱ्यांच्या हाती आलं. लोकांना वाटलं, आता विकतचं बियाणं सुटलं.

पण पुढं काय झालं? तपासणीत त्या बियाण्यात मोन्सँटोच्याच जनुकाचा अंश निघाला. बियाणं मागे घ्यावं लागलं. चौकशीसाठी डॉ. सोपोरी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल 2012 च्या डिसेंबरात आला. शास्त्रज्ञ कोण चुकले, कोण नाही, तो आपला विषय नाही. आपल्याला शिकायचं ते एवढंच: सरकारी संस्थेचा माल स्वच्छ आणि स्वतःचा असला पाहिजे. लोकांच्या पैशाचा शोध आत कुठं तरी दुसऱ्याच्या मालकीत अडकला असेल, तर तो लोकांच्या उपयोगी पडत नाही. आणि सरकारी पर्याय बाजारातून गेला की शेतकऱ्याकडे घासाघीस करायला काही उरत नाही.

लशीची गोष्ट

दुसरी गोष्ट तुमच्या-माझ्या दंडावरची. 2020 साली कोरोनाची साथ आली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत विषाणू वेगळा काढण्यात आला. ही संस्था भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे केंद्र सरकारची. तो विषाणू हैदराबादच्या भारत बायोटेक कंपनीला देण्यात आला आणि दोघांनी मिळून कोव्हॅक्सिन लस तयार केली. चाचण्यांनाही परिषदेने पैसा दिला. बदल्यात लशीच्या निव्वळ विक्रीवर 5 टक्के स्वामित्वशुल्क परिषदेला मिळायचं ठरलं.

2021 च्या एप्रिलमध्ये कंपनीने दर जाहीर केले: राज्य सरकारांना 600 रुपये, खाजगी रुग्णालयांना 1,200 रुपये. लोकांनी आरडाओरडा केला. मग राज्यांचा दर 400 रुपयांवर आणला. त्याच महिन्यात मुंबईच्या हाफकिन महामंडळाला ही लस बनवण्याची परवानगी केंद्राने दिली. हाफकिन आपल्या महाराष्ट्र सरकारचं. म्हणजे एकट्या कंपनीकडून गरज भागेना, तेव्हा दुसऱ्याला परवाना द्यावाच लागला. हेच दार आधीपासून उघडं ठेवलं असतं तर साथीत धावाधाव कमी झाली असती.

पुढं 2024 साली आणखी एक गोष्ट बाहेर आली. लशीच्या पेटंट अर्जात सहमालक म्हणून परिषदेचं नावच नव्हतं. बोभाटा झाल्यावर कंपनीने नजरचूक झाल्याचं सांगून नाव घालायचं मान्य केलं. कागद वेळेवर वाचला नाही तर लोकांचा वाटा असा कागदावरून निसटतो. सातबारावर नाव लावताना आपण जशी काळजी घेतो, तशीच इथंही घ्यावी लागते.

बाहेरच्या देशात काय झालं

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. अमेरिकेत पूर्वी सरकारी पैशातल्या शोधाची मालकी बहुधा सरकारकडे राही. तक्रार अशी होती, की शोध कपाटात पडून राहतात, कोणी कारखानदार हात लावत नाही. म्हणून 1980 साली तिथं कायदा झाला. विद्यापीठांनी पेटंट स्वतःच्या नावावर घ्यावं आणि कंपन्यांना परवाना द्यावा, हवा तर एकहाती द्यावा, अशी मोकळीक मिळाली. कायद्यात एक चांगलं कलम घातलं होतं: परवानेदाराने शोध लोकांपर्यंत पोचवला नाही, तर सरकारने मध्ये पडून दुसऱ्याला परवाना द्यावा. पण 1980 नंतर चाळीस वर्षं उलटून गेली तरी ते कलम एकदाही वापरलं नाही. कॅन्सरवरच्या एका औषधाचा शोध सरकारी मदतीने कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठात लागला. त्याची किंमत फार म्हणून रुग्णांनी अर्ज केला. 2023 च्या मार्चमध्ये तो फेटाळला गेला. म्हणजे कुंपण घातलं, फाटक ठेवलं, पण फाटकाचं कुलूप कधी उघडलंच नाही.

याच्या उलट एक जुनी गोष्ट आहे कॅनडातली. मधुमेहावरचं इन्सुलिन टोरांटो विद्यापीठात सापडलं. शोध लावणाऱ्यांनी 1923 साली पेटंट प्रत्येकी एक डॉलर घेऊन विद्यापीठाला देऊन टाकलं. उत्पादन वाढवणं विद्यापीठाला एकट्याने जमेना, म्हणून त्यांनी 1922 सालीच एका अमेरिकन कंपनीला एकहाती हक्क दिला होता. पण किती काळासाठी? फक्त एक वर्षाच्या प्रयोगापुरता! त्यानंतर इतरांना दार खुलं. एकहाती परवाना द्यायचाच झाला तर तो असा द्यावा.

आपल्या देशातही अमेरिकेच्या धर्तीवर विधेयक आलं होतं. 2008 च्या डिसेंबरात ते राज्यसभेत मांडलं गेलं. त्यावर पुष्कळ टीका झाली आणि ते मागे घेतलं गेलं. तेव्हा आजही संस्थेगणिक नियम वेगळे आहेत. भारतीय कृषी संशोधन परिषदेने 2006 साली आपली मार्गदर्शक तत्त्वं केली. परवाना शक्यतो एकट्याला न देता अनेकांना द्यावा, असा त्यांचा कल आहे. कल चांगला आहे. पण कल म्हणजे कायदा नव्हे. म्हणून प्रत्येक करार तपासायला हवा.

कायद्याने तुम्हाला काय दिलं आहे

आता तुमच्या कामाचा भाग, नीट ऐका. पिकांच्या वाणांसाठी आपल्या देशात वेगळा कायदा आहे: पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, 2001. जगातल्या पुष्कळ देशांत वाण काढणाऱ्याचे हक्क लिहिले आहेत. आपल्या कायद्यात शेतकऱ्याचे हक्कही लिहिले आहेत.

वाण कोणाच्याही नावावर नोंदलेलं असो, सरकारी असो की कंपनीचं, त्याचं बियाणं घरी ठेवणं, वापरणं, पेरणं, पुन्हा पेरणं, अदलाबदल करणं, दुसऱ्याला देणं आणि विकणंसुद्धा, हा शेतकऱ्याचा हक्क कलम 39 ने राखला आहे. एकच मनाई आहे. नोंदलेल्या वाणाचं नाव छापून, पिशवी किंवा डबा बंद करून, लेबल लावून विकता येत नाही. पायलीने मोजून शेजाऱ्याला दिलं तर चालतं. छापील पिशवीत घालून बांद्याच्या बाजारात मांडलं तर चालत नाही.

हा हक्क कागदावरचाच नाही. 2019 च्या एप्रिलमध्ये गुजरातेतल्या बटाटा उत्पादक शेतकऱ्यांवर पेप्सी कंपनीने दावा लावला. चौघांकडून प्रत्येकी 1 कोटी 5 लाख रुपये मागितले. देशभर आवाज उठला, शेतकऱ्यांनी कलम 39 दाखवलं, आणि पुढच्याच महिन्यात दावे मागे घ्यावे लागले.

याच कायद्यात आणखी तीन गोष्टी आहेत. एक, वाण नोंदून तीन वर्षं झाल्यावर बियाणं पुरेसं मिळत नसेल किंवा वाजवी किमतीत मिळत नसेल, तर कोणीही प्राधिकरणाकडे तक्रार करून दुसऱ्याला सक्तीचा परवाना मागू शकतो. ते कलम 47. दोन, नोंदलेल्या वाणाच्या गुणांविषयी जे सांगितलं तसं पीक आलं नाही, तर शेतकऱ्याला भरपाई मागता येते. तीन, संरक्षणाला मुदत आहे: झाडांना आणि वेलींना 18 वर्षं, इतर पिकांना 15 वर्षं. नंतर वाण सगळ्यांचं.

पेटंट कायद्यातही सक्तीच्या परवान्याची सोय आहे, आणि ती आपल्या सरकारने वापरून दाखवली. 2012 च्या मार्चमध्ये कॅन्सरवरच्या एका औषधासाठी हैदराबादच्या कंपनीला असा परवाना मिळाला. महिन्याला सुमारे 2 लाख 80 हजार रुपयांना मिळणारं औषध 8,800 रुपयांवर आलं. शिवाय आपल्या पेटंट कायद्यात बियाणं, झाड किंवा वाण यांवर पेटंट मिळतच नाही.

घेणं आणि देणं

एक बाजू राहिली. सरकारी शोध लोकांचा, हे खरं; तसा लोकांचा शोध लोकांच्याच नावावर राहायला हवा, हेही खरं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी. 1983 च्या सुमारास त्यांना शेतात भाताच्या वेगळ्याच लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, वाढवल्या, त्यातून एचएमटी भात आलं आणि राज्याबाहेरही पसरलं. पुढं अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्याच जातीचं शुद्ध केलेलं वाण प्रसारित केलं. विद्यापीठ म्हणे, शुद्धीकरण आमचं. दादाजी म्हणत, बियाणं माझं. 2018 साली दादाजी वारले. नाव मोठं झालं, पण हातात पैसा फारसा आला नाही.

तुमच्या वाडीत असा एखादा काजू असेल, दर वर्षी घोस धरणारा. एखादा रातांबा असेल, एखादं खारवटीतलं भात असेल. तो तुमच्या नावावर 'शेतकरी वाण' म्हणून नोंदता येतो. शेतकऱ्याला नोंदणीची फी माफ आहे. अर्जावर गावच्या जैवविविधता समितीची किंवा जिल्हा कृषी अधिकाऱ्यांची सही लागते. विद्यापीठाने किंवा कंपनीने पुढं त्यातून नवं वाण काढलं, तर लाभाचा वाटा मागायला ही नोंद आधार होते. नोंद नसेल तर नुसतं तोंडी सांगणं राहतं.

मग एकहाती परवाना कधी मान्य करावा

माझं मत सांगतो. जे घरी वाढवता येतं, आणि जे गावचा कारागीर बनवू शकतो, त्यावर एकहाती परवाना नकोच. जिथं मोठं भांडवल लागतं तिथं द्यावा, पण पाच अटींवर. मुदत थोडी हवी. कोणत्या प्रदेशासाठी, ते ठरलेलं हवं. किती माल, कोणत्या किमतीत, ते लिहिलेलं हवं. मक्तेदाराने माल पुरवला नाही तर परवाना काढून घेण्याचा हक्क संस्थेकडे हवा, आणि तो खरोखर वापरायची तयारी हवी. आणि संस्थेला स्वतः संशोधनासाठी व शेतकऱ्यांना देण्यासाठी तो शोध वापरण्याचा हक्क कायम हवा. तरीचा मक्ता देताना आपले वाडवडील जेवढं बघत, तेवढंच हे आहे.

आपण काय करावे

1. काजू-आंब्याची कलमे परवानाधारक रोपवाटिकेतूनच घ्यावीत. पावतीवर जातीचे नाव लिहून घ्यावे. पावती निदान झाड धरीपर्यंत जपावी.

2. बियाण्याची पिशवी घेताना वाणाचे नाव आणि कंपनीचे नाव वेगळे ओळखावे. एकच सरकारी वाण अनेक कंपन्या विकतात. सरकारी बियाणे मिळत असेल तर आधी त्याचा दर विचारावा.

3. सरळ वाण असेल तर निवडक बी घरी धरावे. शेजाऱ्याला द्यावे. ते आपल्या हक्काचे आहे. छापील लेबल लावून विकू नये.

4. व्यापारासाठी कलमे बांधून विकायची असतील तर महाराष्ट्राच्या 1969 च्या रोपवाटिका कायद्याप्रमाणे परवाना काढावा.

5. एखाद्या सरकारी वाणाचे बियाणे किंवा यंत्र मिळतच नसेल, तर संस्थेला माहितीच्या अधिकारात विचारावे: परवाना कोणाला दिला? एकट्याला की अनेकांना? कधीपर्यंत? स्वामित्वशुल्क किती? अर्जाला 10 रुपये लागतात, उत्तर 30 दिवसांत यायला हवे. व्यापारी गुपित म्हणून उत्तर टाळले, तर व्यापक लोकहितासाठी माहिती देता येते, असे कायद्यातच आहे. तसे अपिलात लिहावे.

6. गावातली चांगली झाडे आणि जुनी वाणे ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत लिहून घ्यावीत. कोणाच्या बागेतले झाड, कोणी जपले, हेही लिहावे.

7. बाहेरचा माणूस डोळकाडी किंवा बियाणे मागायला आला तर द्यायला हरकत नाही, पण कोण, कोणत्या संस्थेचा, कशासाठी, हे लिहून सही घ्यावी. अर्जाच्या मदतीसाठी किर्लोसचे कृषि विज्ञान केंद्र किंवा तालुका कृषी कार्यालय गाठावे.

शेतकरी बंधू-भगिनींनो, विहीर सगळ्या गावाने खणली असेल तर रहाट कोणाच्या हाती द्यायचा हे गावाने ठरवावं. रहाट चालवणाऱ्याला त्याची मजुरी जरूर द्यावी. पण विहिरीवर कुलूप घालायची मोकळीक त्याला देऊ नये. हे पत्रक घडी करून सातबाराच्या कागदांत ठेवा, आणि पुढच्या ग्रामसभेत पाच आणि सहा क्रमांकाचे मुद्दे आवर्जून काढा.

नमस्कार.